रोमा गावचे महाविद्यालय आणि परक्या विद्यापीठाची पदवी

आमच्या धर्मग्रामांत परदेशी शिक्षणाची चर्चा आज घरोघरी ऐकू येते. कुणाचा मुलगा कॅनडाला निघालेला असतो, कुणाच्या मुलीला ऑस्ट्रेलियाचे पत्र आलेले असते, आणि त्यासाठी कुणी बँकेचे कर्ज काढतो तर कुणी वाडवडिलांच्या जमिनीचा तुकडा विकतो. अलीकडे या वाटेला आणखी एक फाटा फुटला आहे. विद्यार्थ्याने इथेच राहून शिकावे आणि पदवी मात्र परदेशी विद्यापीठाची, किंवा इथल्या व तिथल्या अशा दोन्ही विद्यापीठांची संयुक्त मिळावी, अशी सोय होऊ लागली आहे. तिच्या जाहिराती पाहून आम्हांस वाटते की ही अगदी नवी गोष्ट आहे. वस्तुतः ती दीडशे वर्षांहून जुनी आहे. तिच्या इतिहासातील एक प्रकरण तर आपल्या ख्रिस्तसभेने लिहिलेले आहे. ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

लंडन विद्यापीठाला १८३६ साली सनद मिळाली. ते शिकवीत नसे. परीक्षा घेई आणि पदवी देई. १८५८ साली नव्या सनदेने त्याने आपल्या परीक्षांचे दार आणखी उघडले. विद्यार्थी कुठे व कुणाकडे शिकला हे न विचारता, जो परीक्षा उत्तीर्ण होईल त्याला पदवी, असा नियम झाला. पुढच्या काही वर्षांतच मॉरिशससारख्या दूरच्या बेटावर लंडनच्या उत्तरपत्रिका लिहिल्या जाऊ लागल्या. दुसरा मार्ग डरहॅम विद्यापीठाने दाखविला. पश्चिम आफ्रिकेतील फ्रीटाऊन येथे मिशनऱ्यांनी १८२७ साली स्थापन केलेले फुरा बे महाविद्यालय १८७६ साली डरहॅमशी संलग्न झाले आणि तेथील आफ्रिकी तरुण घर न सोडता इंग्लंडमधील विद्यापीठाचे पदवीधर होऊ लागले.

लंडनचा हा साचा आपल्याही परिचयाचा आहे. १८५७ साली स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ त्याच धर्तीवर उभारले गेले. शिकविणार महाविद्यालय आणि पदवी देणार विद्यापीठ, ही विभागणी तिथूनच आली. १९६१ साली पोर्तुगीज राजवट संपल्यावर गोव्यात जी महाविद्यालये निघाली, तीही मुंबई विद्यापीठाचीच पदवी देत होती. १९८५ साली गोवा विद्यापीठ झाले तेव्हा हा धागा सुटला. हाच साचा दक्षिण आफ्रिकेतही गेला. १८७३ साली तेथे केप ऑफ गुड होप विद्यापीठ निघाले, तेही केवळ परीक्षा घेणारे. १९१६ साली त्याचे नाव दक्षिण आफ्रिका विद्यापीठ असे झाले आणि १९४६ पासून ते टपालाने शिक्षणही देऊ लागले. याच विद्यापीठाशी आमच्या कथेचा संबंध येतो.

दक्षिण आफ्रिकेने चहूबाजूंनी वेढलेला लेसोथो नावाचा एक डोंगराळ देश आहे. १९६६ साली स्वातंत्र्य मिळेपर्यंत तो बासुटोलँड या नावाने ब्रिटिश संरक्षणाखाली होता. तेथील राजा मोश्वेश्वे याने १८६२ साली निष्कलंक मरियेच्या ओब्लेट संघाच्या मिशनऱ्यांना आश्रय दिला. बिशप आलार आणि फादर जोसेफ जेरार यांनी तेथे मिशनकेंद्र उभारले. रोमन कॅथलिकांचे ठिकाण म्हणून ते गाव रोमा या नावाने ओळखले जाऊ लागले. फादर जेरार यांनी उर्वरित आयुष्य बासुटो लोकांतच वेचले, आणि १९८८ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्याच देशात येऊन त्यांना धन्यवादित घोषित केले.

दक्षिण आफ्रिकेतील कॅथलिक बिशपांनी १९३८ साली निर्णय घेतला की आफ्रिकी कॅथलिक तरुणांसाठी उच्च शिक्षणाची सोय आपण करावयाची. त्या काळी आफ्रिकी विद्यार्थ्यांसाठी प्रमुख महाविद्यालय फोर्ट हेअर येथे होते. ते प्रॉटेस्टंट मिशनांच्या प्रयत्नांतून उभे राहिले होते. बिशपांनी आपल्या महाविद्यालयासाठी रोमा हे गाव निवडले. ८ एप्रिल १९४५ रोजी प्राथमिक शाळेच्या तात्पुरत्या इमारतीत ते सुरू झाले. विद्यार्थी पाच आणि शिकविणारे धर्मगुरूही पाच! पुढे हे महाविद्यालय ओब्लेट संघाच्या हाती आले आणि पोप बारावे पायस यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले.

परंतु पदवी कुणाची द्यावयाची? पाच विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयाला स्वतःची पदवी देण्याचा अधिकार कोण देणार? आणि दिली तरी तिला बाजारात किंमत काय येणार? म्हणून रोमाचे विद्यार्थी दक्षिण आफ्रिका विद्यापीठाचे बहिःस्थ विद्यार्थी म्हणून नाव नोंदवू लागले. हे विद्यापीठ प्रिटोरियाचे, म्हणजे परक्या देशाचे, आणि १९४८ नंतर तर वर्णभेदाचे धोरण उघडपणे राबविणाऱ्या राज्याचे. मात्र त्याच्या परीक्षा सर्व वर्णांच्या लोकांना खुल्या होत्या. नेल्सन मंडेला यांची १९४३ सालची कलाशाखेची पदवी आणि १९८९ साली बंदिवासात मिळविलेली कायद्याची पदवी, दोन्ही याच विद्यापीठाच्या. आर्चबिशप डेझमंड टुटू यांनीही १९५४ साली याच विद्यापीठाची पदवी टपालाने शिकून मिळविली. परक्याच्या पदवीचे हे मोठे उपकार होत, आणि ते नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल.

तथापि या व्यवस्थेत एक उणीव होती. अभ्यासक्रम प्रिटोरियात ठरे, प्रश्नपत्रिका तेथे निघे आणि उत्तरपत्रिकाही तेथेच तपासली जाई. ज्या फादरांनी वर्षभर विद्यार्थ्याला शिकविले, त्यांचा त्याच्या परीक्षेत हात नसे. अशा वेळी शिक्षक चांगला असला तरी हळूहळू तो परीक्षेचा शिकवणीदार होतो. आपल्या भूमीचा, आपल्या भाषेचा, आपल्या माणसांच्या प्रश्नांचा विचार वर्गात करावा तर तो परीक्षेत येत नाही. आणि परीक्षेत न येणारे शिकवावे तर विद्यार्थ्याचे नुकसान होते.

रोमाच्या संचालकांनी ही उणीव ओळखली. त्यांनी दीर्घकाळ वाटाघाटी केल्या, आणि १९५५ साली दक्षिण आफ्रिका विद्यापीठाने महाविद्यालयाशी विशेष संबंध मान्य केला. त्यामुळे अभ्यासक्रम व परीक्षा यांत रोमाच्या अध्यापकांना वाटा मिळाला. ब्रिटिश वसाहतींतही याच सुमारास हीच कल्पना रुजत होती. नायजेरियातील इबादान, घाना आणि वेस्ट इंडीज येथील विद्यापीठीय महाविद्यालये १९४८ साली लंडन विद्यापीठाशी अशाच विशेष संबंधाने जोडली गेली होती. थोर कादंबरीकार चिनुआ अचेबे हे इबादानच्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी एक. त्यांची पदवी लंडनची होती. १९६२ साली इबादान स्वतंत्र विद्यापीठ झाले. पदवी उसनी घ्यावी, पण परतफेडीचा विचार पहिल्या दिवसापासून मनात असावा, हे त्या पिढीला कळले होते.

१९५९ साली दक्षिण आफ्रिकेने कायदा करून कृष्णवर्णीयांना खुल्या विद्यापीठांची दारे जवळजवळ बंद केली, तेव्हा रोमाचे महत्त्व अधिकच वाढले. त्याचबरोबर वर्णभेदी राज्यातील विद्यापीठावर आपण कुठवर विसंबावे, हा प्रश्नही तीव्र झाला. विद्यार्थ्यांची संख्या अजून दोनशेच्याही आत होती, आणि विद्यापीठाचा भार एकट्या संन्यस्त संघाला पेलणे कठीण होते. अखेर बासुटोलँड, बेचुआनालँड आणि स्वाझीलँड या तीन प्रदेशांचे मिळून एक विद्यापीठ करण्याचे ठरले. १ जानेवारी १९६४ रोजी पोप बारावे पायस महाविद्यालय त्या विद्यापीठात विलीन झाले, आणि १९६७ पासून रोमाच्या विद्यार्थ्यांना स्वतःच्या विद्यापीठाची पदवी मिळू लागली.

ख्रिस्तसभेने आपल्या हातांनी वाढविलेली संस्था आपल्या हातून सोडली. ती मुळात सर्व आफ्रिकी समाजाची होती, ही जाणीव ज्यांना असते त्यांनाच असे सोडणे जमते. पुढे डेझमंड टुटू, ज्यांनी एकेकाळी टपालाने शिक्षण घेतले होते, ते १९७० ते १९७२ या काळात याच रोमाच्या विद्यापीठात ईशज्ञान शिकवीत होते. १९७५ साली तीन देशांची ही भागीदारी मोडू लागली आणि रोमा येथे लेसोथोचे राष्ट्रीय विद्यापीठ स्थापन झाले. भागीदारी मोडली, पण गावात विद्यापीठ उरले.

आता आपल्याकडे वळू. २०२२ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने भारतीय व परदेशी विद्यापीठांच्या सहकार्याचे नवे नियम केले. त्यांत तीन प्रकार आहेत. पहिल्यात विद्यार्थी काही काळ परदेशी शिकतो. तेथील श्रेयांक ३० टक्क्यांपर्यंतच धरले जातात आणि पदवी भारतीय संस्थेची असते. दुसऱ्यात दोन्हीकडे किमान ३० टक्के श्रेयांक मिळवावे लागतात आणि दोघांची मिळून एक संयुक्त पदवी मिळते. तिसऱ्यात दोन संस्था दोन वेगळ्या पदव्या देतात, आणि भारतीय संस्थेत किमान ३० टक्के श्रेयांक आवश्यक असतात. २०२३ साली परदेशी विद्यापीठांना येथे शाखा काढण्याचेही नियम झाले, आणि २०२५ साली नवी मुंबईच्या योजनेसाठी पाच परदेशी विद्यापीठांना इरादापत्रे देण्यात आली. मात्र केवळ नाव भाड्याने घेऊन दिलेल्या पदवीला आयोगाची मान्यता नाही. काही कंपन्या परदेशी विद्यापीठांशी परस्पर करार करून अशा पदव्या देतात, याबद्दल आयोगाने २०२३ च्या डिसेंबरात सावधगिरीचा इशाराही दिला आहे.

म्हणून पालकांना आमचे नम्र सांगणे आहे. जाहिरातीतील मोठे नाव पाहून पैसे भरण्याआधी रोमाच्या फादरांनी विचारले ते प्रश्न आपणही विचारावेत. वर्गात प्रत्यक्ष शिकविणार कोण? परीक्षेत त्या शिक्षकांचा वाटा किती? पदवीपत्रावर कोणत्या संस्थेचे नाव येणार, आणि आयोगाच्या नियमांत ती बसते काय? भागीदारी उद्या मोडली तर अर्ध्या वाटेवरील विद्यार्थ्याचे काय होणार? या प्रश्नांची उत्तरे जी संस्था लेखी देते तिच्यावर विश्वास ठेवण्यास हरकत नाही. जी टाळते तिच्या पायी घर गहाण टाकू नये.

परदेशी विद्येचे आम्हांस वावडे असण्याचे कारण नाही. आमच्या ख्रिस्तसभेत तर दूरच्या अधिकाराची पदवी जवळच मिळण्याची परंपरा आहे. १८९३ साली पोप तेरावे लिओ यांनी भारतासाठी श्रीलंकेतील कँडी येथे स्थापन केलेले पेपल सेमिनरी १९५५ साली पुण्यास आले, आणि तेथील ज्ञानदीप विद्यापीठात रोमच्या अधिकाराने दिलेली पदवी घेऊन आमचे धर्मगुरू इथल्या मातीत सेवा करतात. अधिकार दूरचा असला तरी शिकविणारे व शिकणारे इथले आहेत, आणि अभ्यासाचा विषय इथली माणसे आहेत. लेसोथोच्या रोमातही तसेच घडले. पाच शिक्षक रोज वर्गात उभे राहिले, म्हणून प्रिटोरियाच्या पदवीला तेथे अर्थ आला. आपल्या मुलामुलींसाठी पदवी शोधताना आपण आधी तो वर्ग शोधावा.