रनफ्लॅट टायरमधील हवेचा दाब

रनफ्लॅट टायर म्हणजे हवा पूर्णपणे निघून गेल्यावरही मर्यादित वेगाने व मर्यादित अंतरापर्यंत वाहनाचा भार पेलू शकणारा टायर होय. अशा टायरमधील हवेच्या दाबाचा प्रवासातील सुखदतेवर, टायरच्या तापण्यावर आणि आयुष्यावर होणारा परिणाम साध्या टायरपेक्षा काहीसा वेगळा असतो. दाब कमी केल्यास साधा टायर लक्षणीय मऊ होतो. रनफ्लॅट टायर मात्र तितका मऊ होत नाही, आणि त्यातील धोका साध्या टायरइतक्या सहजपणे डोळ्यांना दिसत नाही. विदर्भातील तीव्र उन्हाळा, काळ्या मातीवरील खचणारे रस्ते आणि सेलू तालुक्यातून जाणारा समृद्धी महामार्ग यांमुळे वर्धा जिल्ह्यात हा विषय केवळ तांत्रिक राहत नाही.

रचना

साध्या रेडियल टायरमध्ये भाराचा बहुतांश हिस्सा आतील हवा पेलते. रबरी बाजूची भिंत पातळ व लवचिक असते. प्रचलित रनफ्लॅट टायरमध्ये या भिंतीच्या आत जाड, उष्णतारोधक रबराचा थर असतो. हवा गेल्यावर हाच थर रिमला रस्त्यावर टेकू देत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक नियमावलीनुसार अशा टायरची चाचणी ताशी ८० किमी वेगाने ८० किमी अंतरापर्यंत घेतली जाते, आणि उत्पादकही सामान्यतः हीच मर्यादा सांगतात. गाडी पूर्ण भरलेली असल्यास किंवा रस्ता खराब असल्यास हे अंतर घटते.

ब्रिटनच्या डनलॉप कंपनीचा ‘डेनोव्हो’ हा १९७० च्या दशकातील या दिशेचा गाजलेला प्रयत्न होता. २००० नंतर बीएमडब्ल्यूने आपल्या बहुतेक मोटारींना असे टायर बसविल्यामुळे ते सर्वपरिचित झाले. भारतात ते आजही मुख्यतः महागड्या मोटारींतच आढळतात.

दाब आणि प्रवासातील आराम

टायरचा ताठपणा दोन गोष्टींनी ठरतो: हवेचा दाब आणि भिंतीची घडण. चालकाच्या हातात फक्त पहिली गोष्ट असते. हे समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. साध्या टायरचा एकूण ताठपणा १०० मानला, तर त्यातील ९० हवेचा व १० भिंतीचा समजू. रनफ्लॅट टायरमध्ये हवेचा वाटा तोच ९० राहून भिंतीचा ३० होतो, म्हणजे एकूण १२०. आता दाब १० टक्क्यांनी कमी केल्यास हवेचा वाटा ८१ होईल आणि एकूण १११ उरेल. पूर्ण दाबातील साध्या टायरपेक्षा तो तरीही कडकच. त्याला १०० वर आणायचे असेल, तर दाब सुमारे २२ टक्क्यांनी, म्हणजे ३३ पीएसआयवरून जवळपास २६ पर्यंत खाली आणावा लागेल. प्रत्यक्ष आकडे टायरनुसार बदलतात, परंतु दिशा हीच असते. दणके कमी व्हावेत म्हणून दोन-तीन पीएसआय हवा काढणाऱ्यास आराम फारसा मिळत नाही. खऱ्या अर्थाने आराम मिळेल इतकी हवा काढली, तर टायर धोक्याच्या पातळीवर येतो.

दाब कमी असताना भिंत प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकते आणि त्या वाकण्यातून उष्णता निर्माण होते. जाड भिंतीत रबर अधिक असल्याने उष्णताही अधिक निर्माण होते व ती सहजासहजी बाहेर पडत नाही. कडेचे रबर लवकर झिजते व इंधनाचा खपही वाढतो. उलट, दाब शिफारशीपेक्षा जास्त ठेवल्यास टायरचा रस्त्याला टेकणारा भाग आक्रसतो, मधला पट्टा झिजतो, आणि आधीच कडक असलेला टायर खड्ड्याचा प्रत्येक धक्का थेट रिमपर्यंत पोहोचवतो. रिमला तडा जाण्याचा संभव यात वाढतो. रनफ्लॅट टायरसाठी तयार केलेल्या मोटारींचे शॉकअब्सॉर्बर व स्प्रिंग त्या कडकपणाचा विचार करून जुळवलेले असतात. म्हणून आराम वाढविण्याचा मार्ग हवा काढण्यात नसून चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा इंधनाच्या झाकणाच्या आत लिहिलेला दाब काटेकोरपणे राखण्यात आहे.

तापमान आणि हवामान

हा लिखित दाब थंड टायरचा असतो. म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असताना मोजलेला. बंद टायरमधील दाब तापमानाबरोबर वाढतो. ३३ पीएसआयच्या आसपास दर १० अंश सेल्सिअसमागे तो सुमारे दीड पीएसआयने बदलतो. वर्धा परिसरात मे महिन्यात दुपारचे तापमान ४५ अंशांपलीकडे जाते, तर डिसेंबरच्या पहाटे ते १२ अंशांपर्यंत उतरू शकते. भर उन्हाळ्यात ३३ पीएसआयवर भरलेला टायर कोठेही गळती नसताना हिवाळ्याच्या पहाटे सुमारे २८ पीएसआय दाखवील. याउलट, धावून तापलेल्या टायरचा वाढलेला दाब पाहून हवा काढणे ही नेहमीची चूक आहे. टायर थंड झाल्यावर तो कमी दाबाचा ठरतो.

नायट्रोजन भरल्यास दाब वाढत नाही, हा समज चुकीचा आहे. साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि दोन्ही वायू तापल्यावर जवळपास सारखेच वागतात. नायट्रोजन कोरडा असतो व किंचित सावकाश झिरपतो, एवढाच त्याचा लाभ.

समृद्धी महामार्ग आणि सेलू परिसर

७०१ किमी लांबीच्या समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी, तर अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. मोटारींसाठी येथे ताशी १२० किमी वेगमर्यादा आहे. सिमेंट काँक्रीटच्या रस्त्यात आडवे सांधे ठेवावे लागतात. ते साधारणतः ४.५ मीटरवर असल्यास या वेगाने टायरला सेकंदाला सात-आठ हलके ठोके बसतात. कडक भिंतीच्या टायरमध्ये ते आवाज व थरथर या रूपाने अधिक जाणवतात. मार्ग सुरू झाल्यानंतरच्या अपघातांमुळे टायर फुटणे हा सार्वजनिक चर्चेचा विषय झाला. दोष सर्रास काँक्रीटवर ठेवला जातो. परंतु काँक्रीट उन्हात डांबरापेक्षा कमी तापते. तासन्‌तास एकाच वेगाने धावणारा, कमी हवेचा, जादा भाराचा किंवा जुना झालेला टायर हेच प्रमुख कारण असते.

दाबदर्शक यंत्रणा आणि दुरुस्ती

हवा कमी झालेला साधा टायर बसलेला दिसतो. रनफ्लॅट दिसत नाही. पायाने ठोकून किंवा नुसते पाहून त्याची हवा ओळखता येत नाही, म्हणून दाबदर्शक यंत्रणेशिवाय हे टायर वापरणे धोक्याचे मानले जाते. भारतात २०२० मधील नियमबदलानुसार, साडेतीन टनांपर्यंतच्या व चालकासह नऊ आसनांपर्यंतच्या ट्यूबलेस टायरच्या वाहनात अशी यंत्रणा व पंक्चर दुरुस्तीचा संच असल्यास स्टेपनी बाळगणे बंधनकारक नाही. मात्र यंत्रणेचा इशारा ठरावीक घट झाल्यावरच मिळतो. अमेरिकी नियमात ही मर्यादा २५ टक्के आहे, म्हणजे ३३ पीएसआयच्या टायरसाठी २५ च्या खाली. त्याआधीची घट हाती असलेल्या प्रेशर गेजनेच कळते.

हवा नसताना चाललेल्या टायरची आतील भिंत जळालेली असू शकते; बाहेरून तिचा मागमूस नसतो. त्यामुळे बहुतेक उत्पादक असा टायर बदलण्याचाच सल्ला देतात. भिंत ताठ असल्याने टायर रिमवरून उतरवायला विशेष यंत्र लागते व ते सामान्य पंक्चरच्या दुकानात सहसा नसते. सेलूहून वर्धा सुमारे १८ किमी व नागपूर सुमारे ६० किमी असल्याने ८० किमीच्या मर्यादेत दोन्ही शहरे गाठता येतात. समृद्धी महामार्गाच्या मधल्या भागात, मोठ्या शहरांपासून दूर पंक्चर झाल्यास तेच अंतर अपुरे पडू शकते.