कोजागरीच्या सांजेचा गॅमा-स्फोट

९ ऑक्टोबर २०२२ रोजी संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास गॅमा किरणांचा आजवर नोंदलेला सर्वांत तेजस्वी झोत पृथ्वीवर येऊन थडकला. त्याचा उगम शर तारकासमूहात होता आणि तो बिंदू त्या वेळी भूम तालुक्याच्या जवळजवळ डोक्यावर, माथ्यापासून जेमतेम पाच अंश पश्चिमेला होता. दिवस कोजागरीचा. खव्या-पेढ्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या या तालुक्यात आटवायला ठेवलेल्या दुधावर त्या झोताचा काहीच परिणाम झाला नाही, कारण वरची हवा दहा मीटर खोल पाण्याइतकी जाड ढाल धरून असते. किरण वरच्या थरांतच जिरले.

हा प्रकाश सुमारे १९० कोटी वर्षांपूर्वी निघाला होता. तेव्हा पृथ्वीवर सूक्ष्मजीवांपलीकडे फारसे काही नव्हते. इतक्या लांबून येऊनही त्याने आयनांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, काही तास ढवळून काढले. भारतातल्या विजा टिपणाऱ्या यंत्रांना त्याची चाहूल लागली आणि ५०० किलोमीटर उंचीवरच्या एका चिनी उपग्रहाला विद्युतक्षेत्रात बदल दिसला.

असे स्फोट सापडले तेच मुळी अपघाताने. चोरून होणाऱ्या अणुचाचण्यांवर नजर ठेवणाऱ्या अमेरिकेच्या वेला उपग्रहांनी १९६७ मध्ये पहिला झोत पकडला, पण तो जाहीर व्हायला १९७३ उजाडले. आयनांबर हलवताना नोंदला गेलेला पहिला स्फोट १९८३ चा. फिशमन आणि इनान या संशोधकांनी तो १९८८ मध्ये मांडला.

खरा धोका जवळच्या स्फोटाचा. आपल्याच आकाशगंगेत, काही हजार प्रकाशवर्षांवर असा स्फोट होऊन झोत इकडे वळला, तर नायट्रोजनचे रेणू फुटतील, त्यातून नायट्रोजनची ऑक्साइडे बनतील आणि ती वर्षानुवर्षे ओझोन खात राहतील. मग जंबुपार किरण थेट खाली उतरतील. पहिला घाव समुद्राच्या पृष्ठालगतच्या प्लवकांवर बसेल आणि त्यांच्यावर जगणारी सारी अन्नसाखळी डळमळेल. सुमारे ४४.५ कोटी वर्षांपूर्वीच्या ऑर्डोव्हिशियन जीवसंहाराला असाच झोत कारण असावा, असे संशोधक मेलॉट आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये सुचवले. कल्पना विचार करायला लावणारी आहे, पण थेट पुरावा नाही. भूमच्या बालाघाटातला काळा पाषाण याची साक्ष देऊ शकत नाही. तो लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे त्या संहाराच्या कितीतरी नंतरचा.

जवळच्या अतिनवताऱ्यांचा, म्हणजे स्फोट होऊन फुटलेल्या ताऱ्यांचा, पुरावा मात्र हाती लागला आहे. समुद्रतळाच्या कवचात अशा ताऱ्यांतून आलेले किरणोत्सारी लोह-६० सापडते. त्यातला मोठा भाग २० ते ३० लाख वर्षांपूर्वी पडला. या लोहाचे अर्धायुष्य सुमारे २६ लाख वर्षे असल्याने पृथ्वीच्या जन्मावेळचे लोह-६० केव्हाच संपले. आज सापडते ते नंतर फुटलेल्या ताऱ्यांचे.