अकरा ओळी, अडीच तास

मार्च 2016. वेळा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या.

11 मार्च. किक या मेसेंजर कंपनीकडून डेव्हलपर अझेर कोचुलू यांना ईमेल येतो. एनपीएमवर, म्हणजे जावास्क्रिप्टच्या सार्वजनिक कोठारात, त्याच नावाचं त्यांचं एक पॅकेज आहे. कंपनीला ते नाव हवंय. कोचुलू नाही म्हणतात.

18 मार्च. नाव कंपनीला द्यायचं, असं एनपीएम ठरवतं.

22 मार्च, मंगळवार. दुपारी अडीचच्या सुमारास कोचुलूंची अडीचशेहून जास्त पॅकेजेस कोठारातून नाहीशी होतात. त्या निर्णयाच्या निषेधात त्यांनीच काढली. कोड त्यांचा होता, तेव्हाचा नियमही आड येत नव्हता. त्यांना दोष द्यायला माझं मन धजत नाही.

त्यातच लेफ्ट-पॅड होतं. अवघ्या 11 ओळी. 17 द्या, पाच जागा शून्यांनी भरायला सांगा, 00017 परत येतं. बहुतेकांनी ते मुद्दाम घेतलंच नव्हतं. त्यांनी घेतलं होतं बेबेल नावाचं साधन, त्याच्या साखळीत लाइन-नंबर्स, आणि त्याच्या पोटात हे.

2.30 नंतर. मिनिटाला शेकडो इन्स्टॉल पडू लागतात. पडद्यावर 404. पुण्यात तेव्हा 23 तारखेचे पहाटेचे तीन वाजलेत. ज्या लॅपटॉपच्या कॅशमध्ये जुनी प्रत आहे तिथं काम चालू. दरवेळी कोऱ्या पाटीनं सुरू होणारा बिल्ड सर्व्हर मात्र अडून बसलाय.

दहा मिनिटांत दुसरा एक डेव्हलपर तसंच लेफ्ट-पॅड टाकतो, 1.0.0 म्हणून. तरी बिल्ड पडतच राहतात. लाइन-नंबर्सला नेमकं 0.0.3 हवंय. आवृत्ती काटेकोरपणे लिहून ठेवली होती, पण ती फाइलच जागेवर नव्हती.

या तासात मला आठवतात ते आपल्या घरात नेक्सस किंवा आर्टिफॅक्टरी चालवणारे. अशी रिपॉझिटरी पहिल्या मागणीला बाहेरून पॅकेज आणते, प्रत ठेवून घेते आणि पुढच्या वेळी घरातूनच देते. वाण्याचं दुकान बंद असलं तरी डब्यात डाळ-तांदूळ असतात, तसं. 0.0.3 आधीच साठवलेलं असेल, तर त्या टीमची दुपार नेहमीसारखीच गेली असणार. एक सर्व्हर, थोडी डिस्क, एवढाच खर्च. तो न करता आम्ही कितीजण परक्या कोठारावर रोज विसंबून होतो!

4.05. मूळ 0.0.3 परत आणू, अशी घोषणा एनपीएम करतं. एकदा काढलेली आवृत्ती पुन्हा टाकायची सोयच नव्हती, म्हणून बॅकअप उघडावा लागतो.

4.55. फाइल जागेवर. आठवड्याभरात नियम बदलला: 24 तास उलटलेलं पॅकेज आता परस्पर काढता येणार नव्हतं.