तोताचश्म

उर्दूत बेइमान माणसासाठी एक शब्द आहे, तोताचश्म. ज्याची नजर पोपटासारखी, तो. कालपर्यंत गळ्यात गळा आणि आज ओळखसुद्धा नाही. ‘तोते की तरह आँखें फेर लेना’ हा वाक्प्रचार मी दरवर्षी वर्गात शिकवते आणि दरवर्षी एखादं पोर विचारतंच, “मॅडम, पण पोपटानं केलं काय?”

बरीच वर्षं माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्हा उर्दूच्या शिक्षकांचा जीव वेगळ्याच वादात अडकलेला असतो: तोता ‘तोए’नं लिहायचा की ‘ते’नं. शब्द अरबी नाही, तर अरबी अक्षर कशाला, असं एक म्हणतो. पिढ्यान्‌पिढ्या तोएनंच लिहीत आलेत, असं दुसरा म्हणतो. त्या भांडणात खरा तोता फांदीवरून उडून गेलेला असतो.

माझ्या नानीकडे पाथरीला मिठ्ठू होता. कीर पोपट, हिरवागार, लाल चोचीचा, गळ्याभोवती गुलाबी-काळा पट्टा. तेव्हा बाजारात पोपट उघड मिळायचे. सकाळी सलाम करायचा, नानीच्या आवाजात अम्मीला हाक मारायचा आणि अम्मी प्रत्येक वेळी फसायची. पण आपण पिंजऱ्याजवळ गेलो, लाडानं बोललो की तो मान वळवायचा. तोंड एकीकडे, आपण दुसरीकडे. नानी म्हणायची, “देखो, कैसा तोताचश्म है.” पेरू खाऊन तोंड फिरवतो म्हणजे काय!

आता गंमत बघा. पोपटाचे डोळे आपल्यासारखे समोर नसतात, डोक्याच्या दोन बाजूंना असतात. एखादी गोष्ट नीट निरखायची असेल तर त्याला मान वळवून एक डोळा तिच्याकडे करावा लागतो. म्हणजे मिठ्ठू तोंड फिरवत होता, तेव्हा तो आमच्याकडे पाहत होता. नीट, लक्ष देऊन. ज्या क्षणी त्याची नजर आमच्यावर सर्वांत जास्त होती, त्याच क्षणावरून आम्ही त्याला बेवफा ठरवलं. एक अख्खा वाक्प्रचार उलट्या वाचनावर उभा आहे.

आणि हे वाचन चुकायला वेळ कमी मिळाला, असंही नाही. भारतातल्या बोलणाऱ्या पोपटाबद्दल इसवी सनापूर्वी पाचव्या शतकाच्या आसपास क्टेसियास नावाच्या ग्रीक वैद्यानं लिहून ठेवलंय. तो इराणच्या दरबारात होता. हा पक्षी हिंदी लोकांची भाषा बोलतो, शिकवली तर ग्रीकही बोलेल, असं त्याचं म्हणणं. तेव्हापासून जगाचं लक्ष पोपटाच्या जिभेकडे लागलं ते लागलंच.

आपल्याकडची पुस्तकंही तशीच. संस्कृतातली ‘शुकसप्तति’ घ्या. नवरा परगावी गेलाय, बायकोचं मन दुसऱ्याकडे धावतंय आणि घरातला पोपट रोज रात्री एक गोष्ट सांगून तिला उंबऱ्याच्या आत ठेवतो. मराठीत तिची ‘शुकबहात्तरी’ झाली. फारसीत बदायूँच्या झियाउद्दीन नख्शबीनं 1330 साली त्यावरून ‘तूतीनामा’ रचला, बावन्न रात्रींचा. अकबराच्या चित्रशाळेत त्याची चित्रं निघाली. आणि आपल्या दख्खनमध्ये, गोवळकोंड्याला, अब्दुल्ला कुतुबशहाच्या काळात गव्वासीनं 1639 साली तो दखनीत आणला. ती दखनी म्हणजे माझ्या नानीच्या बोलीची पणजी. एक पोपट संस्कृत, मराठी, फारसी, दखनी अशा चार भाषांत बडबडतो आहे. पण तो बसला कसा होता, पिसं फुलवून की आवळून, याची फिकीर कथाकारांना नाही.

नख्शबीच्या कथेत एक जागा मात्र मला फार आवडते. घरात पोपटाबरोबर मैनाही आहे. मालकीण खुजिस्ता निघते तेव्हा मैना तिला तोंडावर उपदेश करते आणि जिवाला मुकते. पोपट ते बघतो, मालकिणीचा राग ओळखतो आणि उपदेश न करता गोष्ट सुरू करतो. म्हणजे इथं अंग वाचणारा पोपट आहे आणि वाचलं जातंय ते माणसाचं. पिंजऱ्यातल्या प्राण्याला हे येणं भागच असतं. मालकाच्या पावलांच्या आवाजावरून तो दिवस ओळखतो.

पोपटाच्या शरीराकडे खरोखर पाहिलं ते दोघांनी, आणि दोघंही संत. काळही जवळजवळ एकच.

पहिले मौलाना रूमी. 1273 साली ते कोन्यात वारले. त्यांच्या मसनवीच्या पहिल्या भागात एक व्यापारी आहे, त्याच्या पिंजऱ्यात हिंदुस्तानचा पोपट. व्यापारी हिंदुस्तानला निघतो, तुझ्यासाठी काय आणू म्हणून विचारतो. पोपट म्हणतो, तिकडच्या माझ्या भाईबंदांना माझी हकीकत सांग. व्यापारी सांगतो. ऐकताच तिथला एक पोपट थरथरतो आणि खाली पडून गतप्राण होतो. व्यापारी हळहळतो, घरी येऊन घडलेलं सांगतो, तर त्याचाही पोपट थरथरतो, गार पडतो. रडत रडत तो त्याला पिंजऱ्याबाहेर टाकतो आणि पोपट उडून उंच फांदीवर जाऊन बसतो. हिंदुस्तानच्या पोपटानं निरोप पाठवला होता, पण एकही शब्द न उच्चारता. सगळा निरोप अंगात होता. तो एका पोपटानं दुसऱ्याला दिला, व्यापारी नुसता पोस्टमन. डोळ्यांनी बघून, तोंडानं सांगूनही त्याला कळलं नाही की आपण काय पोचवतोय.

दुसरे आपले ज्ञानेश्वर. नेवाशाला 1290 साली ज्ञानेश्वरी पुरी झाली, रूमींच्या मृत्यूनंतर जेमतेम सतरा वर्षांनी. सहाव्या अध्यायात पोपट पकडायच्या नळीचा दृष्टांत आहे. दोरीत ओवलेल्या नळीवर पोपट बसतो, त्याच्या भारानं नळी गरकन फिरते आणि तो उलटा होतो. खरं तर सोडून उडायचं. पण त्याला वाटतं, आपण अडकलो. मग तो मान पिळतो, छाती आवळून घेतो, मोकळेच असलेले पाय नळीत आणखी गुंतवतो. अर्धा तोडला तरी सोडायचा नाही. बांधलं कुणीच नाही आणि हा पक्का बांधलेला. ज्ञानेश्वरांना यातून जीव स्वतःला कसा बांधून घेतो ते सांगायचंय, मला मात्र त्यांच्या नजरेचं कौतुक वाटतं. मान, छाती, पंजे असं एकेक अवयव घेऊन घाबरलेला पक्षी त्यांनी उभा केलाय. घाबरलेला पोपट असाच दिसतो: पिसं अंगाला चिकटलेली, शरीर ताठ आणि बारीक, मान लांब.

एक शंका मला पुष्कळ दिवस होती. पोपट उलटा लटकायला घाबरत नाही. आपल्या परभणीकडे ज्वारी हुरड्याला आली की बघा, कणसाला उलटे लटकून दाणे फोडत असतात आणि माळ्यावरून पोरं गोफण फिरवत ओरडत असतात. मग नळीवरच का घाबरावं? मला वाटतं, भीती उलटं होण्याची नाही, पायाखालचा आधार अचानक फिरण्याची आहे. पोपटाची दोन बोटं पुढं, दोन मागं, चिमट्यासारखी. आधार हलला की सोडायचं नाही, आणखी घट्ट धरायचं, हे त्या पायाचं वळण. फासेपारध्यांना ते ठाऊक होतं, म्हणून तर नळी चालायची.

भाषेतही काही ठिकाणी अचूक पाहणी सापडते. मराठीत पोरगा वयात आला, आवाज बदलला की आपण म्हणतो, कंठ फुटला. पोपटाच्या नरालाही कंठ फुटतो. तिसऱ्या वर्षाच्या आसपास त्याच्या गळ्याभोवती पट्टा उमटतो, मादीला तो येत नाही. नर-मादी एरवी ओळखू येत नाहीत, म्हणून जुनी माणसं कंठाची वाट बघायची.

आणि बिरबल आहेच. अकबराचा लाडका पोपट मेला, पण तो मेला असं जो सांगेल त्याला फाशी. बिरबल जाऊन सांगतो, महाराज, पोपट दाणा खात नाही, पाणी पीत नाही, डोळे उघडत नाही, पंख हलवत नाही. बादशहा चिडून म्हणतो, मग मेला म्हण की! ही लोककथा आहे, दरबारच्या इतिहासात शोधायला जाऊ नये. आपण ती बिरबलाच्या चातुर्यासाठी सांगतो. मला ती ऐकली की आमचा मिठ्ठू आठवतो.

मी पाचवीत होते. मिठ्ठूनं बोलणं बंद केलं. दिवसभर पिसं फुलवून, गोळा होऊन बसायचा. थंडी होती. आम्ही म्हटलं गारठला, आणि पिंजऱ्यावर नानीचा जुना दुपट्टा टाकला. मिरची दिली, खाल्ली नाही. नानी म्हणाली रुसलाय. चार दिवसांनी सकाळी तो पिंजऱ्याच्या तळाशी होता.

नंतर मी वाचत गेले. निरोगी पोपटही झोपताना पिसं फुलवतो, पण एक पाय पोटात घेऊन, एकाच पायावर. झोपण्याआधी चोच घासल्याचा बारीक कर्र आवाज येतो, तो समाधानाचा. दिवसाढवळ्या दोन्ही पायांवर, पिसं फुगवून, डोळे अर्धे मिटून बसलेला आणि प्रत्येक श्वासाला शेपूट वरखाली होणारा पोपट आजारी असतो. बहुतेकदा तोवर बराच उशीर झालेला असतो, कारण शिकार होणारे पक्षी आजार होईल तितका लपवतात. रानात अशक्त दिसणाऱ्याला ससाणा आधी उचलतो. एप्रिल-मेच्या उन्हात पंख अंगापासून सुटे धरून, चोच उघडी ठेवून धापा टाकत असेल तर तो तापलाय, सावलीत न्या. आणि डोळ्याचं सांगायचं राहिलं. पोपटाची बाहुली झपझप लहानमोठी होते आणि ती त्याच्या मर्जीनं होते, कारण पक्ष्यांच्या बुबुळाचे स्नायू आपल्यासारखे आपोआप चालणारे नसतात. बाहुल्या नाचताहेत, शेपटी पसरलीय, मानेची पिसं उभी आहेत, अशा वेळी बोट पुढं केलं तर चावणारच. आम्ही त्यालाही तोताचश्मीच म्हणायचो. खरं तर त्यानं आधी बजावलेलं असायचं.

आता घरात कीर पोपट ठेवणं गुन्हा आहे, वन्यजीव संरक्षण कायद्याखाली. तरी अजून पिंजरे दिसतात, ओळखीच्या घरांतही, आणि बोललं की लोक म्हणतात, अहो, लहानपणापासून आहे, मुलासारखा आहे. असेलही. मी त्यांना भांडत बसत नाही, पण पिंजऱ्यासमोर उभी राहून आधी तो कसा बसलाय ते बघते. छातीवरची पिसं स्वतःच उपटून टाकलेला एक पोपट मी अशाच एका घरी पाहिला. तो खूप छान बोलायचा.

सालिम अलींनी 1931-32 मध्ये निजामाच्या राज्यातल्या पक्ष्यांची पाहणी केली, त्या वेळी आपला परभणी जिल्हा त्याच राज्यात होता. पिंजऱ्याबाहेरचा पक्षी, त्याच्या जागी जाऊन बघायची ही सवय मला उशिरा लागली. आमच्या शाळेमागं एक जुना लिंब आहे, त्याच्या ढोलीत फेब्रुवारीत जोडी येते. नर फांदीवर ऐटीत पुढं सरकतो, एक पंजा उचलतो, मादीला चोचीतून भरवतो. मादी मान मागं टाकून डोळे फिरवते. पहिल्यांदा मी पाचवीच्या पोरांना ते दाखवायला नेलं, तेव्हा एकजण ओरडला, “मॅडम, ती बघा, तोंड फिरवतीय!” मादीनं त्याच्याकडे एक डोळा केला होता. तो खाली बसेपर्यंत तिनं तो हलवला नाही.