कनातीच्या अलीकडे

जंगलालगत हल्ली तंबूंची हॉटेले निघाली आहेत. आत पलंग, गालिचा, न्हाणीघर. दाराशी अदबीने उभा असलेला नोकर. जाहिरातीत ‘शाही’ हा शब्द हमखास. या शाही थाटाचे मूळ पाहायचे तर मोगलांच्या छावणीत जावे लागते, आणि ती छावणी आपल्याच दख्खनच्या मातीत पंचवीस वर्षे रुतून बसली होती.

अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त बादशाही मुक्कामाचा हिशेबच दिला आहे. सामान वाहायला १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या, १०० हमाल. उभारणीला १००० फर्राश, ५०० बेलदार, १०० भिश्ती, ५० सुतार, १५० झाडूवाले. शिवाय तंबू शिवणारे, मशालजी, चामड्याचे काम करणारे. भोवती गुलालबाराचे कुंपण, त्याला कुलूपकिल्ली. चाळीस गज उंच खांबावर आकाशदिवा, म्हणजे रात्री वाट चुकलेल्या शिपायाला आपला तंबू सापडावा. सामानाचे दोन संच असत. बादशहा एकीकडे मुक्कामाला असताना दुसरा संच पुढच्या मुक्कामी उभा राहत असे, तो पेशखाना. बादशहाला प्रवासातही घर सोडल्यासारखे वाटत नसे; फर्राशाला मात्र घरच उरत नसे. या खात्यातल्या प्याद्यांचा पगार महिना १३० ते २४० दाम. चाळीस दामांचा रुपया धरला तर सव्वातीन ते सहा रुपये.

औरंगजेबाची दख्खनमधली छावणी याहून अफाट होती. १६९५ साली कृष्णाकाठच्या गलगल्यात इटालियन प्रवासी जेमेल्ली करेरी तिथे गेला. तीस मैलांचा घेर, अडीचशे बाजार, नुसत्या बादशहाच्या तंबूंचा घेर तीन मैल, असे आकडे त्याने लिहून ठेवले. ऐकीव भाग त्यात असणारच. पण त्याने डोळ्यांनी पाहिलेला बादशहा विसरता येत नाही: पाठीत वाकलेला, काठी टेकणारा, पांढऱ्या मलमलीच्या कपड्यातला म्हातारा, चष्म्याशिवाय अर्ज वाचून स्वतःच्या हाताने शेरे मारणारा.

या बादशहावरून आपल्याकडे आजही आपल्याला जाब विचारला जातो. तेव्हा एवढे लक्षात असू द्यावे की याच छावणीने १६८६ मध्ये विजापूर आणि १६८७ मध्ये गोवळकोंडा बुडवले. दोन्ही मुसलमानांच्याच सल्तनती. तिथले शिपाई, कारकून, कारागीर उघड्यावर आले, ते बहुधा आपल्यासारख्यांचेच पूर्वज. ‘छावणी मुसलमानांची होती’ या एका वाक्यात हा इतिहास मावत नाही.

आणि छावणी सुखाची तरी कुठे होती? ऑक्टोबर १७०० मध्ये माण नदीकाठी खवासपूरला मध्यरात्री पूर आला. माणसे, जनावरे, तंबू वाहून गेले. गोंधळात बादशहाचा पाय घसरून गुडघा निखळला आणि तो कायमचा लंगडू लागला. तैमूरलंगाचा वारसा चालून आला, अशी समजूत दरबाऱ्यांनी काढली! वाहून गेलेल्या भिश्ती-बेलदारांसाठी असा कोणताही वारसा नव्हता. पुढे १७०२ ते १७०४ या काळात दख्खनमध्ये दुष्काळ आणि साथ आली. मनुचीने मृतांचा आकडा वीस लाखांवर दिला आहे. त्यातला अंदाज वगळला तरी उरते तेवढे भयंकर आहे. १७०७ मध्ये अहमदनगरच्या छावणीतच औरंगजेब वारला. खुलताबादेत त्याची कबर साधी, उघड्या आभाळाखाली आहे. गुलालबाराशी तिचे काही नाते लागत नाही.

दुसऱ्याच वर्षी आणखी एक छावणी आमच्या भागाकडे सरकली. भाऊ कामबक्षवर चालून निघालेला बहादूरशहा १७०८ मध्ये बुऱ्हाणपूरकडून नांदेडच्या दिशेने उतरला. सोबत गुरू गोविंदसिंग होते. ज्या बापाशी त्यांचे हाडवैर झाले, त्याच्याच मुलाच्या लष्कराबरोबर! वसमतला त्यांचा मुक्काम झाला अशी शीख परंपरा आहे. तिथे दमदमासाहेब गुरुद्वारा आहे. हट्टा हे वसमत तालुक्यातलेच. ऑक्टोबर १७०८ मध्ये नांदेडला गुरूंचे निधन झाले, आणि लष्कर गोदावरी ओलांडून हैदराबादकडे गेले.

लष्कर गेले, शब्द राहिले. हट्टा-वसमतकडे लग्नाचा मांडव घालताना कनात, सतरंजी, तंबू हे शब्द कोणी फारसी म्हणून उच्चारत नाही. कोल्हापूरकडे फरास हे आडनाव आहे. फर्राशांचे ते नाव बखरीत नाही, शाळेच्या हजेरीपटावर आहे.