शेजारच्या खोलीतला आवाज

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

स्पीकर घ्यायला गेलेल्या गिऱ्हाईकाला दुकानदार आधी काय ऐकवतो? ज्यात ढोल आहेत, असं काहीतरी. छातीत धक्का बसला की गिऱ्हाईक खूश! तोच माणूस घरी येऊन किशोरी आमोणकर किंवा सुधीर फडके लावतो आणि काहीतरी बिनसल्यासारखं वाटतं. आवाज तर भरपूर आहे, पण गाणारं माणूस कुठे आहे?

गाणारं माणूस स्पीकरमध्ये आणायचं काम बीबीसीच्या संशोधन विभागानं फार चिकाटीनं केलं. इंग्लंडमधल्या सरे परगण्यात किंग्जवुड वॉरन नावाचा एक जुना वाडा आहे. १९४८पासून २०१०पर्यंत हा विभाग तिथे होता. त्यांची अडचण दुकानदारापेक्षा वेगळी होती. स्टुडिओतून बाहेर जाणारा आवाज शुद्ध आहे की नाही, हे ज्या स्पीकरवर ऐकून ठरवायचं, तोच खोटं बोलत असेल तर काय करायचं? यंत्रांनी मोजमापं होत होतीच, पण त्यांच्याकडे एक साधी सोय होती, जी तुमच्या-माझ्याकडे नाही. शेजारच्या खोलीत खराखुरा माणूस बोलत असे. अलीकडे स्पीकरवर त्याचा आवाज ऐकायचा, पलीकडे जाऊन प्रत्यक्ष ऐकायचा आणि ताडून पाहायचं. व्हायोलिन जरा बदललं तर सगळ्यांनाच कळतं असं नाही, पण माणसाचा आवाज आपण पाळण्यापासून ऐकत आलो आहोत. तो नाकातून यायला लागला किंवा मडक्यातून आल्यासारखा वाटला, तर कुणी शिकवावं लागत नाही.

त्यासाठी त्यांनी बारीकसारीक गोष्टी धुंडाळल्या. त्या काळी स्पीकरचा पडदा कागदाचा असे आणि दोन नग सारखे निघतील याची खात्री नसे. १९६०च्या दशकात त्यांनी बेक्स्ट्रीन नावाचं प्लॅस्टिक वापरून पाहिलं. खोक्याचाही विचार केला. जाड, जड लाकूड म्हणजे उत्तम, असा आपला समज असतो. पण लाकडाची फळीही तबल्याच्या पुडीसारखी आपला सूर लावून बसते, आणि तो सूर नेमका माणसाच्या आवाजात मिसळला की पंचाईत होते. म्हणून त्यांनी पातळ प्लायवूड घेतलं आणि आतून डांबरी थर लावला. त्यामुळे फळीचा नाद खाली उतरतो आणि दबतो.

यातूनच एलएस३/५ए हा छोटा स्पीकर आला. हार्वुड, व्हॉटन आणि मिल्स या तिघांचा त्यावरचा अहवाल १९७६चा आहे. तो मुळात ओबी व्हॅनसाठी, म्हणजे जिथे मोठा स्पीकर मावत नाही अशा जागेसाठी केलेला. उंची साधारण ३० सेंटिमीटर, रुंदी १९. आत केईएफ कंपनीची दोन युनिट्स, आणि वरच्या छोट्या युनिटभोवती जाड फेल्ट, कारण खोक्याच्या कडांवर आपटून परतणारा आवाज शब्दांची धार घालवतो. बीबीसीनं परवाने दिले आणि रॉजर्ससारख्या कंपन्यांनी तो घरच्या श्रोत्यांसाठी बनवला. व्हॅनमधली वस्तू दिवाणखान्यात आली. आपल्या वन रूम किचनवाल्यांना हे लगेच पटेल!

एक गंमत सांगायला हवी. एवढ्याशा खोक्यातून खोल खर्ज येत नाही. पण शंभर हर्ट्झच्या थोडं वर त्याच्या आवाजाला किंचित उठाव आहे. पुरुषाच्या बोलण्याचा पाया साधारण तिथेच असतो. त्यामुळे आवाजाला ऊब येते. म्हणजे इतकं खरेपण जपणारा हा स्पीकरही गळ्याला थोडा मस्का लावतोच. मला त्यात गैर वाटत नाही. त्याची खरी मर्यादा वेगळी आहे. त्याला अॅम्प्लिफायर चांगला लागतो, आणि मंडपासारखा मोठा आवाज मागितला तर तो देत नाही.

या विभागातली माणसं पुढे स्वतःच्या धंद्यात उतरली. स्पेन्सर ह्यूज यांनी आपल्या आणि पत्नी डोरोथीच्या नावातून ‘स्पेंडॉर’ काढली, तर डडली हार्वुड यांनी १९७७मध्ये ‘हार्बेथ’. त्या नावातही पत्नीच, एलिझाबेथ! हार्वुड यांनी बेक्स्ट्रीन सोडून पॉलिप्रॉपिलीनचा पडदा आणला. एलएस३/५एची मूळ युनिट्स बनणं १९९८च्या सुमारास थांबलं, पण पुढे इतरांनी तो पुन्हा बनवायला घेतला.

आता दुकानात जाताना काय न्यावं? ढोल नको. ज्याला तुम्ही प्रत्यक्ष भेटला आहात, अशा कुणाच्या तरी साध्या बोलण्याचं रेकॉर्डिंग न्या. पुरुषाचं एक, बाईचं एक. ‘स’ आणि ‘श’ टोचतात का, ‘ब’ आणि ‘भ’ फुगतात का, ते पाहा. मग गाणं लावा. एखाद्या ख्यालात तानपुरा गायकाच्या मागे राहतो की त्याच्या अंगावर येतो, हेही ऐका. आणि घरी आणल्यावर स्पीकर कपाटाच्या कोपऱ्यात कोंबू नका. कानाच्या उंचीवर, भिंतीपासून थोडा पुढे, स्टुलावर ठेवा. कोपऱ्यात चांगला गळाही घागरीतून गातो.