प्रारंभिक वाचकांसाठी पुस्तकांची निवड

प्रारंभिक वाचकांसाठी पुस्तकांची निवड हा बालशिक्षण, बालसाहित्य आणि ग्रंथालयशास्त्र या क्षेत्रांशी संबंधित विषय आहे. अक्षरओळख सुरू झालेल्या, परंतु अद्याप सलग वाचू न शकणाऱ्या, साधारणपणे पाच ते आठ वर्षे वयाच्या मुलांच्या हाती कोणता मजकूर द्यावा, याचा विचार त्यात केला जातो. मराठीत हा विचार प्रामुख्याने देवनागरी लिपीच्या रचनेशी, त्यातही जोडाक्षरांशी निगडित राहिला आहे.

पार्श्वभूमी

फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या प्रारूपानुसार वाचनाचे आकलन हे दोन घटकांच्या गुणाकाराइतके असते : लिपीची उकल आणि ऐकलेल्या भाषेचे आकलन. यांपैकी एक घटक शून्य असेल, तर दुसरा कितीही समृद्ध असला तरी वाचन घडत नाही. पुस्तक निवडताना या दोन्ही बाजू तपासाव्या लागतात. व्यवहारात मात्र पहिलीचाच विचार अधिक होतो.

इंग्रजीत शब्दलेखन अनियमित असल्याने तेथे शब्दांची संख्या मर्यादित ठेवण्याची परंपरा निर्माण झाली. डॉ. स्यूस यांचे ‘द कॅट इन द हॅट’ (१९५७) हे पुस्तक केवळ २३६ वेगवेगळ्या शब्दांत लिहिलेले आहे. मराठीतील अडचण वेगळी आहे. ‘चार’ आणि ‘चाक’ यांतील ‘च’च्या भिन्न उच्चारांसारखे अपवाद वगळता देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचा संबंध बराच नियमित आहे, परंतु शिकावयाच्या चिन्हांची संख्या मोठी आहे. बाराखडीतच काही शे रूपे होतात. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी लिहिली जाते, पण नंतर उच्चारली जाते. जोडाक्षरांत ‘र’ हा वर्ण ‘सूर्य’, ‘चंद्र’ आणि ‘दुसऱ्या’ या तीन शब्दांत तीन निरनिराळ्या रूपांत दिसतो. देवनागरीप्रमाणेच अक्षराधिष्ठित असलेल्या कन्नड लिपीविषयी सोनाली नाग यांनी केलेल्या अभ्यासातून (२००७) असे दिसून आले की, सर्व अक्षरे आत्मसात होण्यास प्राथमिक शाळेतील अनेक वर्षे जातात.

जोडाक्षरविरहित मजकूर

या अडचणीवर मराठी बालसाहित्याने शोधलेला उपाय म्हणजे जोडाक्षरविरहित गोष्टी. अशा पुस्तकांत एकही जोडाक्षर न येईल अशी शब्दयोजना केली जाते. काना, मात्रा, वेलांटी आणि उकार येऊ लागलेल्या मुलाला संपूर्ण पुस्तक कोणाच्याही मदतीशिवाय वाचता येते, हा त्यांचा मोठा लाभ होय. स्वतःच्या बळावर पुस्तक संपवण्याचा अनुभव मुलाला पुढील पुस्तकाकडे नेतो.

काही शब्दसमूह या बंधनाला आपोआप अनुकूल आहेत. एक ते दहा हे सर्व आकडे जोडाक्षरविरहित आहेत. लाल, पिवळा, निळा, हिरवा, काळा, पांढरा हे रंग आणि आई, बाबा, आजी, ताई, दादा ही नातीही तशीच. प्राण्यांमध्ये वाघ, ससा, मांजर, उंदीर आणि गाय चालतात. कुत्रा, हत्ती आणि म्हैस मात्र वगळावे लागतात.

खरी मर्यादा व्याकरणातून येते. ‘चा-ची-चे’ या षष्ठी प्रत्ययाचे सामान्यरूप ‘च्या’ असे होते. त्यामुळे ‘झाडाच्या खाली’ असे न लिहिता ‘झाडाखाली’ असे लिहावे लागते. ‘तिला’, ‘तिने’ ही रूपे सोपी आहेत, परंतु ‘त्याला’, ‘त्याने’ ही रूपे वर्ज्य ठरतात. परिणामी अशा गोष्टीची नायिका मुलगी असणे लेखकाला सोयीचे जाते. मुलाची गोष्ट असल्यास प्रत्येक वाक्यात नाव पुन्हा लिहावे लागते आणि मजकूर कृत्रिम वाटू लागतो. ‘म्हणाला’ऐवजी ‘बोलला’ वापरावे लागते. ‘मुली आल्या’ असे साधे वाक्यही लिहिता येत नाही. ‘गोष्ट’, ‘पुस्तक’, ‘मित्र’, ‘पक्षी’ हे लहान मुलांच्या रोजच्या बोलण्यातील शब्दही बाद होतात.

म्हणूनच केवळ जोडाक्षरे नाहीत एवढ्यावरून पुस्तक सोपे ठरत नाही. ‘तटाक’ किंवा ‘सरिता’ हे शब्द लिपीच्या दृष्टीने सोपे आहेत, परंतु सहा वर्षांच्या मुलाला ते परके वाटतात. याउलट ‘म्हणाला’ आणि ‘त्याला’ हे शब्द मुलाने हजारो वेळा ऐकलेले असतात आणि दोन-चार वेळा डोळ्यांखालून गेले की ते ओळखता येतात. त्यामुळे पूर्ण निषेधापेक्षा मोजकी, वारंवार येणारी जोडाक्षरे असलेला मजकूर हा पुढचा टप्पा म्हणून अधिक उपयुक्त ठरतो. जोडाक्षरविरहित पुस्तके काही काळापुरतीच हाती राहावीत. दोन-तीन वर्षे तीच दिली गेल्यास मुलाचे वाचन त्याच्या बोलण्याच्या फार मागे राहते.

ऐकण्याची व वाचण्याची पुस्तके

मोठ्यांनी वाचून दाखवायचे पुस्तक आणि मुलाने स्वतः वाचायचे पुस्तक यांचे निकष भिन्न आहेत. पहिल्या प्रकारात जोडाक्षरांचे बंधन मानण्याचे कारण नाही. तेथे समृद्ध भाषा, लांब वाक्ये आणि अनोळखी शब्दही चालतात, कारण उकलीचा भार वाचणाऱ्यावर असतो. माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’सारख्या चित्रपुस्तकांत बोलीभाषेच्या जवळची वाक्ये व घरातील परिचित माणसे येतात, अशी पुस्तके आधी ऐकून मग स्वतः वाचण्यास योग्य असतात. ऐकून पाठ झालेले पुस्तक मूल ‘वाचते’, तेव्हा ते फसवत नसून छापील शब्द आणि आठवणीतील शब्द यांची जुळणी करत असते.

श्रेणीबद्ध पुस्तकमाला

राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेची हिंदीतील ‘बरखा’ ही माला चार स्तरांतील ४० पुस्तकांची आहे. ‘प्रथम बुक्स’ (स्थापना २००४) ही संस्थाही आपल्या पुस्तकांचे चार स्तर करते. २०१५ मध्ये सुरू झालेल्या तिच्या ‘स्टोरीवीव्हर’ या मंचावर मराठीतील अनेक पुस्तके मुक्त परवान्याखाली मोफत उपलब्ध आहेत. तथापि अनुवादित पुस्तकावरील स्तर तपासून घ्यावा लागतो. मूळ भाषेत पहिल्या स्तरावर बसणारे वाक्य मराठीत आल्यावर जोडाक्षरांनी भरलेले असू शकते.

छपाईकडेही लक्ष द्यावे लागते. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये मराठी वर्णमाला प्रमाणित करताना देठयुक्त ‘श’ आणि पाकळीयुक्त ‘ल’ स्वीकारले. हिंदी वळणाचा टंक वापरलेल्या पुस्तकात ही अक्षरे निराळी दिसतात आणि नवशिका वाचक तेथेच अडखळतो.

घरची भाषा

पुस्तकातील प्रमाण मराठी ही अनेक मुलांची घरची भाषा नसते. ‘मला’ऐवजी ‘मले’ म्हणणाऱ्या वऱ्हाडी मुलाला थोडेच अंतर पार करावे लागते. मेळघाटातील कोरकू मुलाची भाषा मात्र ऑस्ट्रो-आशियाई कुळातील असून तिचा मराठीशी कौटुंबिक संबंध नाही. अशा मुलाला जोडाक्षरविरहित पुस्तक अस्खलित वाचता येऊनही त्यातील काहीच न समजण्याची शक्यता असते. त्याच्यासाठी चित्रांवरून अर्थ लागणारी किंवा द्विभाषिक पुस्तके निवडणे आवश्यक ठरते.

उत्तर अमेरिकेतील मराठी शाळांतील मुलांची स्थिती वेगळी असते. ही मुले बहुधा इंग्रजी वाचू लागल्यावर देवनागरीकडे वळतात. नऊ वर्षांच्या मुलाला ससा आणि गाजराची गोष्ट बाळबोध वाटते, पण त्याच्या वयाच्या मराठी कादंबरिका त्याला पेलत नाहीत. मोजक्या मजकुराची माहितीपर पुस्तके आणि चित्रकथा ही उणीव काही अंशी भरून काढतात.

निवडीची प्रत्यक्ष पद्धत

ग्रंथपाल आणि शिक्षक ‘पाच बोटांचा नियम’ वापरतात : मुलाने एक पान वाचताना प्रत्येक अडलेल्या शब्दाला एक बोट मोजायचे आणि पाच बोटे झाल्यास ते पुस्तक सध्या वाचून दाखवण्यासाठी ठेवायचे. मराठीत एका ओळीची चित्रपुस्तके पुष्कळ असल्याने हा नियम एका पानाऐवजी चार-पाच पानांना लावणे योग्य असते. शब्द जोडाक्षरामुळे अडला की अर्थ माहीत नसल्यामुळे, हेही त्याच वेळी पाहता येते. तो शब्द मोठ्याने उच्चारून दाखवल्यावर मुलाला लगेच कळला, तर अडचण लिपीची असते.